गणती आणि माणूस : काला अंबच्या संदर्भात

मनुष्यबळाची विदा तपासून कोणास कोणते काम द्यावे हे ठरविण्याची आधुनिक पद्धत वर्गीकरण, तुलना आणि नेमणूक या तीन क्रियांवर उभी असते. कामगाराचे कौशल्य, उपलब्धता व पूर्वीची कामगिरी यांच्या नोंदी होतात. कामाच्या गरजाही तशाच रकान्यांत मांडल्या जातात. संगणकप्रणाली त्यांतून सर्वाधिक जुळणारी जोडी सुचविते. रकाना हा मुळात भाषिक निर्णय असल्याने या व्यवहाराचा विचार साहित्याभ्यासकाच्याही कक्षेत येतो. त्या दृष्टीने पानिपतजवळील काला अंब हे स्थळ बोलके आहे.

मराठी लष्करी व्यवस्थेलाही तिचे रकाने होते. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, तोफ-बंदुकीस सरावलेला इब्राहिमखानाचा गारदी, ही नामे म्हणजेच कामांची वाटणी होती. स्वारांची हजेरी व घोड्यांची गणती यांवर खर्चाचा हिशेब बसे. तथापि १४ जानेवारी १७६१ रोजी प्रत्येक गटाचे कौशल्य ज्ञात असूनही त्यांचा परस्परमेळ अवघड ठरला. कवायती पायदळाच्या आधाराने गोल बांधून संथपणे सरकायचे, ही योजना चपळ छाप्यांत मुरलेल्या घोडदळाच्या सवयीशी विसंगत होती. बखरवाङ्मयात मल्हारराव होळकर गनिमी काव्याची बाजू मांडतात, ती याच विसंगतीची वाचा होय. शिवाय लष्कराबरोबरचे यात्रेकरू व बुणगे लढाऊ गणतीबाहेर होते. त्यांची भूक मात्र छावणीतल्या धान्यातूनच भागवावी लागत होती.

पराभवाची वार्ता देणारे प्रसिद्ध सावकारी पत्र याच प्रतवारीचे रूपक योजते. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ ही दोन मोत्ये, पडलेले सरदार २७ मोहरा, आणि उरलेले सारे मोजदादीपलीकडचे नाणे. येथे हिशेबाची भाषाच शोकाची भाषा होते. पण मोत्यांची संख्या सांगणारी ही भाषा खुर्द्यापाशी थबकते.

काला अंबची आख्यायिका नेमकी तेथून सुरू होते. रक्ताने काळवंडलेल्या आंब्याची ही स्मृती नामावळीविना सर्व मृतांना सामावून घेते. आज मागणीनुसार सेवा पुरविणाऱ्या व्यवसायांत गुणांकनावरून कामे वाटली जातात, तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. आजारपण, घरची जबाबदारी, सहकाऱ्याला दिलेला हात यांना रकाना नसेल, तर त्यांची किंमत कामगाराच्या पोटाला मोजावी लागते. म्हणून रकाने कोणी आखले आणि त्यांत काय वगळले, हे विचारण्याचा अधिकार ज्याची गणती होते त्यालाही असला पाहिजे.