बीडमध्ये डीजे म्हणजे माणूस नव्हे!

बीडमध्ये 'डीजे कुठाय?' असं विचारलंत, तर लोक थेट ट्रककडे बोट दाखवतात. तिथे डीजे म्हणजे स्पीकरची भिंत. वाजवणाऱ्याला विचारतो कोण? मीही वरातीत त्या भिंतीपुढे मनसोक्त नाचते, पण शिकणाऱ्याने जरा लांबच थांबावं. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा जेमतेम १५ मिनिटं, आणि या धंद्यात कान हेच भांडवल.

सुरुवातीला स्वतःचा लॅपटॉप (ऑफिसचा नको, प्लीज!) आणि बरा हेडफोन पुरे. १९९७ साली बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' म्हणून आलेल्या 'एफएल स्टुडिओ'ची ट्रायल फुकट मिळते. त्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, म्हणून एका बैठकीत ट्रॅक संपवून एक्स्पोर्ट करायचा. आळशांसाठी बेस्ट!

खरी गोची ठेक्याची. हाऊस म्युझिक मिनिटाला साधारण १२०-१२८ ठोक्यांचं, चारच्या मापातलं. आपली कितीतरी कोळीगीतं आणि लावण्या मात्र सहाच्या चालीत झुलतात. नुसता वेग जुळवून खाली किक टाकली, की गाणं लंगडतं. अशा वेळी प्रत्येक किकच्या पोटात चारऐवजी तीन हॅट बसवून बघा. सिंकचं बटन? पहिला महिना त्याला हात लावू नका, कानाने जुळवा.

आणि मराठीत हाऊस चालेल का, ही शंका सोडा. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं.