ऑनलाइन भूमिकाखेळांतील स्वनिर्मित राक्षसचित्रे : स्वरूप, उपयोग आणि स्वामित्व

प्रस्तावना :

कथा सांगताना श्रोत्यांसमोर चित्र धरणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथे ठाकर समाजाने जोपासलेली चित्रकथी परंपरा सर्वश्रुत आहे. पोथीतील एकेक पान प्रेक्षकांसमोर उभे करून गायन व वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग कथन करणे, हे तिचे स्वरूप होय. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात आज जे घडते, त्याचे या परंपरेशी काही बाबतींत साम्य आहे. तेथेही एक कथनकार असतो, समोर चित्र येते आणि राक्षस प्रकट होतो. फरक असा की, येथे श्रोते स्वतःच कथेतील पात्रे असतात आणि पुढे काय घडणार, हे त्यांच्या निर्णयावर व फाशांवर अवलंबून असते.

हे राक्षसचित्र कोठून येते, ते कसे वापरावे आणि त्यावर हक्क कोणाचा, या तीन प्रश्नांचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप :

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा आद्य खेळ मानला जातो. एक व्यक्ती खेळसंचालक होते. ती जग, प्रसंग व शत्रू उभे करते आणि इतर खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. मूळ खेळ एका टेबलाभोवती बसून खेळावयाचा होता. पुढे संगणकावर त्याची प्रतिकृती तयार झाली. 'फँटसी ग्राउंड्स' (२००४), 'रोल-ट्वेंटी' (२०१२) व 'फाउंड्री' (२०२०) ही त्यांतील प्रमुख साधने होत. त्यांना 'व्हर्च्युअल टेबलटॉप' म्हणजे आभासी खेळपट असे म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत एकत्र बसणे अशक्य झाल्याने या साधनांचा वापर जगभर वाढला.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत १९९७ साली समाविष्ट झालेल्या चिखलीचे उदाहरण कल्पनेने घेता येईल. एका बाजूस कारखाने व दुसऱ्या बाजूस तळवड्याचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र असलेल्या या परिसरात पाळीने काम करणारा एक तरुण रात्री खेळसंचालक होतो. त्याचे खेळाडू नागपूर, पणजी व लंडन येथे आहेत. टेबल नाही, समोर मातीची वा प्लास्टिकची बाहुली नाही. आवाज आणि पडद्यावरील चित्र एवढीच सामग्री त्याच्यापाशी आहे. म्हणून प्रत्यक्ष टेबलावर दुय्यम असलेले चित्र ऑनलाइन खेळात प्रमुख ठरते.

स्वनिर्मित चित्राची गरज :

छापील पुस्तकात शेकडो राक्षसांची चित्रे उपलब्ध असताना नवीन चित्राचा खटाटोप का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे संभवतात.

पहिले कारण ज्ञानाशी निगडित आहे. प्रसिद्ध चित्र दिसताच अनुभवी खेळाडूस त्या राक्षसाचे बळ व मर्मस्थान ठाऊक असल्याने भय उरत नाही. या खेळाच्या इतिहासातच याचे एक बोलके उदाहरण आहे. लोखंडाला गंज चढविणारा 'रस्ट मॉन्स्टर', 'बुलेट' व अर्धा घुबड-अर्धा अस्वल असलेला 'आउलबेअर' हे राक्षस हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. आधी हाती एक विचित्र आकृती आली आणि नियम मागाहून लिहिले गेले. अपरिचित आकृतीची हीच शक्ती स्वनिर्मित चित्र परत मिळवून देते.

दुसरे कारण सांस्कृतिक आहे. 'राक्षस' हा आपल्या भाषेतील शब्द १९७५ मध्ये त्या खेळात दाखल झाला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याचे चित्र रेखाटले. त्यात वाघाचे डोके असलेला राक्षस घरगुती कोट घालून चिलीम ओढताना दिसतो. मंतरलेल्या बाणाने त्याचा अंत होतो, असा नियमही करण्यात आला. हाच उपाय १९७४ च्या 'कोलचॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील राक्षसावरील एका भागात दाखविला गेला होता. तेव्हापासून जगभरच्या खेळाडूंच्या मनात राक्षस म्हणजे व्याघ्रमुखी मायावी असे समीकरण रूढ झाले.

हे चित्र सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातील राक्षसींचे जे वर्णन येते, त्यात वराह, हरिण, वाघ, महिष अशा अनेक मुखांचा उल्लेख आहे. अडचण वाघाच्या मुखात नाही. अनेकांतून एकच मुख निवडले गेले आणि तेच अंतिम ठरले, ही अडचण आहे. आपल्या परंपरेतील राक्षस कामरूपी, म्हणजे इच्छेनुसार रूप घेणारा आहे. तो केवळ वध्य शत्रूही नाही. हिडिंबा भीमाची पत्नी होते आणि घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. पुणे जिल्ह्यातीलच जेजुरीच्या खंडोबाच्या कथेत मणी हा दैत्य अखेरीस देवास शरण जातो व देवाच्या सान्निध्यात स्थान मिळवितो. मराठी खेळसंचालक जेव्हा स्वतःचे चित्र काढतो वा काढवून घेतो, तेव्हा हे विस्मृत पर्याय पुन्हा खुले होतात. त्याचबरोबर एक जबाबदारीही येते. ज्या आकृतीस कोठेतरी नैवेद्य दाखविला जातो, तिला केवळ मारण्याचे लक्ष्य करताना तारतम्य आवश्यक ठरते.

चित्राचे तांत्रिक पैलू :

आभासी खेळपटावर राक्षसचित्र साधारणतः दोन रूपांत वापरले जाते. पहिले रूप 'टोकन' म्हणजे सोंगटीचे होय. नकाशावर चौकटींची जाळी असते व रूढ नियमानुसार एक चौकट पाच फुटांची धरतात. माणसाएवढा जीव एक चौकट व्यापतो. त्याहून मोठे जीव क्रमाने दोन बाय दोन, तीन बाय तीन व चार बाय चार चौकटी व्यापतात. 'रोल-ट्वेंटी'मध्ये एका चौकटीची बाजू मूलतः ७० पिक्सेल, तर 'फाउंड्री'मध्ये १०० पिक्सेल असते. म्हणजे तीन बाय तीन चौकटींच्या राक्षसास दुसऱ्या साधनात निदान ३०० बाय ३०० पिक्सेलचे चित्र हवे. पडदा मोठा करून पाहिल्यास चित्र फाटू नये म्हणून त्याच्या दुप्पट आकार ठेवणे हिताचे असते.

सोंगटीचे चित्र चौरस असावे व त्याची पार्श्वभूमी पारदर्शक असावी. अन्यथा राक्षसाभोवती पांढरा चौकोन दिसतो आणि भ्रम मोडतो. पारदर्शकता जेपीईजी प्रकारात टिकत नाही. ती पीएनजी व वेबपी प्रकारांत टिकते आणि वेबपी धारिका तुलनेने लहान असते. खेळाडू मोबाइलच्या जोडणीवर असल्यास हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण एकाचे चित्र उशिरा उघडले तर सर्वांचा प्रसंग थांबतो. नकाशा गडद असल्यास सोंगटीस फिकट किनार द्यावी. एवढ्या लहान आकारात बारीक तपशील दिसत नाही. केवळ बाह्याकृती व एक-दोन रंग ओळखू येतात.

दुसरे रूप पूर्ण चित्राचे असून ते खेळसंचालक योग्य क्षणी सर्वांच्या पडद्यावर उघडतो. येथे तपशिलास वाव असतो. मात्र 'योग्य क्षण' कोणता, हा कलेचा प्रश्न आहे. चित्र आधी दाखविले तर वर्णन व्यर्थ जाते. फार उशिरा दाखविले तर प्रत्येकाने मनात निराळा राक्षस उभा केलेला असतो. आधी ध्वनी, मग खूण, मग शब्द आणि अखेरीस चित्र हा क्रम बहुधा परिणामकारक ठरतो. राक्षस अंधारात असताना त्याची सोंगटी झाकून ठेवण्याची सोय या साधनांत असते. चित्रात दाखविलेली गोष्ट नियमांतही असावी, हेही पथ्य पाळावे लागते. चार हात रेखाटले आणि आघात एकच ठेवला, तर खेळाडूंना फसविल्यासारखे वाटते.

स्वामित्वाचा प्रश्न :

महाजालावर सापडलेले चित्र उचलून सोंगटी करणे सोपे आहे, परंतु सापडलेले चित्र बेवारस नसते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार रेखाटन व रंगचित्र ही कलाकृती होय. कलावंताच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे तिला संरक्षण मिळते. कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापरास सूट आहे. चार मित्रांच्या खेळात तिचा आधार घेता येईल. तोच खेळ जाहिरातींसह प्रक्षेपित केला किंवा त्याची सोंगट्यांसह पुस्तिका विकली, तर त्या सुटीचा आधार क्षीण होतो.

खेळाच्या मजकुराबाबतही भेद लक्षात घ्यावा लागतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांचा ५.१ क्रमांकाचा संदर्भ-दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. राक्षसाचे नियम त्यात आहेत. मूळ ग्रंथांतील चित्रे मात्र त्यात नाहीत. याचा अर्थ, श्रेय देऊन नियम वापरता येतात, पण चित्र स्वतःचेच हवे. प्रकाशन करू इच्छिणाऱ्यास स्वनिर्मित चित्र ही कायदेशीर गरजच ठरते.

चित्र मोबदला देऊन काढवून घेतल्यास ते कोणाचे, याविषयी गैरसमज आढळतात. कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, काढवून घेणारा असतो. तथापि संगणकावरील रेखाटन त्या तरतुदीत बसते की नाही, असा वाद संभवतो. म्हणून लेखी करार श्रेयस्कर होय. हक्क हस्तांतरित करावयाचे असल्यास कलम १९ नुसार लेख व स्वाक्षरी आवश्यक आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. विदेशातील खेळाडूंसाठी पुस्तिका काढणाऱ्या खेळसंचालकास ही शेवटची बाब विसरून चालणार नाही. हक्क दिल्यानंतरही श्रेय मिळण्याचा कलावंताचा अधिकार कलम ५७ अन्वये कायम राहतो.

लोककला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता :

शैलीवर प्रताधिकार नसतो. कल्पनेस संरक्षण नाही, अभिव्यक्तीस आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे चित्रकथी शैलीत, मोठे डोळे व बाहेर आलेले सुळे असलेला राक्षस रेखाटण्यास कायद्याचा प्रतिबंध नाही. कायदा जेथे थांबतो तेथे नीतीचा प्रश्न सुरू होतो. ज्या समाजाने ही शैली पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याच्या नावाचा उल्लेखही न करता ती वापरणे उचित नव्हे. शक्य असेल तेथे त्या परंपरेतील चित्रकारालाच काम देणे हा अधिक न्याय्य मार्ग होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न तीव्र केला आहे. काही शब्द लिहिताच राक्षसाचे चित्र मिळते. परंतु अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतील अशा चित्रांना संरक्षण नाकारले. भारतीय कायद्यात संगणकजन्य कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. मात्र ती आजच्या साधनांच्या कितीतरी आधीची आहे. २०२३ मध्येच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका ग्रंथातील चित्रांत अशा साधनाचा वापर उघड झाल्यावर प्रकाशकांनी आपल्या चित्रकारांना त्यास मनाई केली. कायद्याबरोबरच गुणवत्तेचाही मुद्दा आहे. जुन्या चित्रांच्या प्रचंड संचयावर घडलेले साधन बहुधा रूढ प्रतिमाच परत देते. ज्या साचेबंद प्रतिमेपासून सुटका हवी म्हणून स्वनिर्मित चित्राची वाट धरली, तीच दाराशी येण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) ऑनलाइन खेळात स्वनिर्मित राक्षसचित्र अपरिचिताचे भय व स्थानिक कल्पनाविश्व या दोहोंस अवकाश देते.

२) आकार, पारदर्शकता, धारिकेचा भार व प्रकट करण्याचा क्षण यांवर त्याची परिणामकारकता अवलंबून असते.

३) खासगी खेळ व प्रकाशन यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे. चित्र काढवून घेताना मुदत, प्रदेश व श्रेय यांचा लेखी उल्लेख अनिवार्य मानावा.

४) लोकशैलीचा वापर कायद्याने मुक्त असला, तरी नीतीने ऋणको करणारा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनातही या विषयास स्थान देता येईल. मराठीचा विद्यार्थी राक्षसाचे वर्णन लिहील, चित्रकलेचा ते रेखाटील, संगणकशास्त्राचा ते खेळपटावर आणील आणि विधिशाखेचा त्याचा करार लिहील. एका परक्या ग्रंथाने आपल्या शब्दाला एकच मुख दिले. त्याची बाकीची मुखे शोधण्याचे काम या विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकते.