भाता बसविण्यापूर्वी

मोटारीला सुपरचार्जर बसविणे म्हणजे काय, हे समजावयास इंजिनिअर असण्याची गरज नाही. लोहाराच्या भट्टीसमोर घटकाभर उभे राहिलेल्या कोणालाही ते समजेल. भाता ओढला की निखारे फुलतात, आच वाढते. मोटारीचे इंजिन आपल्या बळावर जेवढी हवा ओढून घेते, त्याहून अधिक हवा त्याच्या पोटात कोंबणारा, आणि त्या इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा भाता म्हणजे सुपरचार्जर. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या फिरत्या पंपाचे पेटंट घेतले, तो आधी लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी आला आणि मोटारीत फार उशिरा शिरला. तेव्हा भात्याची उपमा माझ्या पदरची नव्हे. ती वंशावळीतच आहे.

लोहाराला मात्र आणखी दोन-चार गोष्टी ठाऊक असतात. भाता जोराने ओढायचा तर कोळसा जास्त लागतो, भट्टीचे अस्तर शाबूत लागते आणि सांडशीत धरलेला लोखंडाचा तुकडा वितळत तर नाही ना, इकडे डोळा ठेवावा लागतो. हौशी मोटारवाल्यांचे लक्ष बहुधा भात्याच्या दांड्यावरच असते.

आमचा भाचा इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला नोकरीस आहे. त्याच्यापाशी १९९० सालची माझदा एमएक्स-५ आहे: दोन माणसांची, उघड्या टपाची, जेमतेम हजार किलो वजनाची, १६०० सीसी इंजिनची चिमुकली गाडी. अश्वशक्ती ११५. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर त्याच्याकडे होतो, तेव्हा तिला सुपरचार्जर बसविण्याचे त्याने पक्के केले होते. साठविलेले पैसे बरोबर भात्यापुरते होते. माझी उभी हयात इंजिनांच्या वर्कशॉपात गेली. मी म्हटले, "आधी कागद-पेन्सिल आण."

त्याचा हिशेब सरळ होता. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, भाता त्यात ६ पौंडांची भर घालणार. म्हणजे हवा ४१ टक्के जास्त, आणि अश्वशक्ती ११५ वरून १६० च्या वर. परंतु हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे नळकांडे हाताला चटका देते, तोच हा प्रकार. २० अंशांची हवा अशा भात्यातून सत्तरीच्या घरात तापून बाहेर पडते. तापली की ती विरळ होते आणि ४१ टक्क्यांतली जवळजवळ निम्मी कमाई तिथेच उडून जाते. शिवाय भाता फिरविण्यासाठी इंजिनच्याच खिशातून दहाएक अश्वशक्ती जाते. म्हणून वाटेत हवा थंड करणारा इंटरकूलर हवा. तो बसतो रेडिएटरच्या पुढे. म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच ऊन झालेला. इकडे पेट्रोल जास्त जळणार, पाणी जास्त तापणार. तेव्हा रेडिएटरही मोठा घ्यावयास हवा. कागदावर एक ओळ लिहिली की ती दुसरीला हाक मारते, ती अशी.

पेट्रोलच्या ओळीवर आम्ही दोन संध्याकाळी घालविल्या, कारण इंजिने मरतात ती इथे. दर अश्वशक्तीला तासाला सुमारे ०.६ पौंड पेट्रोल धरावे. कमाई मोजताना हात आखडता घ्यावा, खर्च मोजताना सढळ. म्हणून १६० धरले. ९६ पौंड झाले, चार इंजेक्टरांना प्रत्येकी २४. इंजेक्टर शंभरातील ऐंशी टक्के वेळच उघडा राहावा असा शिरस्ता आहे. तेव्हा ३० पौंडांचे इंजेक्टर हवेत, आणि त्यांना पुरा पडेल असा पंप. भात्याच्या दाबाखाली एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते बारा भाग हवा, इतपत मिश्रण दाट असावे लागते. ते पातळ झाले तर ज्वाला विझत नाही, उलट आतली उष्णता बेफाम वाढते. मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटते, ठोके पडू लागतात, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडावयास काही सेकंदही पुरतात. ह्या गाडीत येणारी हवा मोजण्यासाठी एक झडप आहे. ती पूर्ण उघडली की त्यापुढची हवा तिला दिसतच नाही. म्हणून दाब ओळखणारा नवा संगणक, ठिणगी थोडी मागे घेण्याची सोय, आणि मिश्रण दाखविणारा काटा डोळ्यांसमोर. त्या काट्यावर काटकसर करणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

"पण मामा, बेंटलीने शंभर वर्षांपूर्वी भाता बसवलाच की!" भाचा म्हणाला.

बसविला खरा, पण बेंटलीने नव्हे. डब्ल्यू. ओ. बेंटली हे त्या कल्पनेच्या विरुद्ध होते. शक्ती हवी तर इंजिन मोठे करा, हे त्यांचे मत. टिम बर्किन नावाच्या धाडसी शर्यतपटूने हट्ट धरला, डोरोथी पॅजेट ह्या धनाढ्य बाईंनी पैसा पुरविला आणि ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी साडेचार लिटरच्या इंजिनसाठी भाता आखला. तो रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या नाकासमोर बसला. नुसता भाता लावून भागले नाही. क्रँकशाफ्ट आणि पिस्टनही बदलावे लागले. १९३० साली पो येथे फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन दुसरा आला. पण त्याच साली ल माँच्या चोवीस तासांत भातेवाल्या बेंटल्या वाटेतच थांबल्या. जिंकली ती बिनभात्याची, मोठ्या इंजिनची स्पीड सिक्स. गंमत म्हणजे आज लोकांच्या खोल्यांतून चित्रे दिसतात ती भातेवालीचीच!

क्रँकशाफ्टचे नाव निघाले आणि भाचा गप्प झाला. त्याला कारण होते. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या ह्या माझदांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असे. तिथली पुली सैल झाली तर किल्लीची खाच झिजून इंजिन निकामी होते. माझदाने पुढे ते टोक लांब केले. आणि भात्याचा पट्टा ओढणार तो नेमका ह्याच टोकाला! दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून आम्ही दोघे बॉनेटवर वाकलो. पुली डगमगत नव्हती. चारही सिलिंडरांचा दाब मोजला, तो एकमेकांच्या जवळपास भरला. हे बरे नसते तर पुढचा कागद फाडूनच टाकावा लागला असता.

मागच्या बाजूचे काम सोपे निघाले. १९९३ मध्ये ह्याच गाडीची १८०० सीसीची धाकटी बहीण आली. तिचा क्लच २१५ मिलिमीटरचा, थोरलीचा २००. तिच्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या २५५ मिलिमीटरच्या, थोरलीच्या २३५. थोरलीचे सहा इंची डिफरन्शियल जास्त ताकदीपुढे तुटते म्हणून बदनाम. धाकटीचे सात इंची दणकट. तिचे हे दागिने थोरलीला चढतात. फक्त डिफरन्शियलबरोबर मागचे आस आणि प्रॉपेलर शाफ्टही घ्यावा लागतो. जुन्या बाजारात भाच्याला सगळे मिळाले.

ब्रेक नंतर करू, असे त्याच्या मनात होते. तेवढे मी ऐकले नाही. वेग वीस टक्के वाढला तर थांबवावयाची ऊर्जा ४४ टक्के वाढते; शेजारच्या खुर्चीवर आमची सून बसते. विमा कंपनीला फेरफार आधी कळविणेही त्याच रकान्यात लिहिले. न कळविता अपघात झाला तर भरपाईस मुकावे लागते.

अखेर पैसे उलट्या क्रमाने खर्च करावयाचे ठरले. आधी ब्रेक, रेडिएटर, क्लच, डिफरन्शियल. मग नवा संगणक आणि मोठे इंजेक्टर लावून गाडी काही महिने भात्याविनाच चालवावयाची, म्हणजे मिश्रणात काही बिघाड असेल तर तो दाबाविना उघडा पडेल. भाता सर्वांत शेवटी. तोंड जरा वाकडे झाले, पण त्याने क्रम पाळला.

भाता त्याने वसंतात बसविला. परवा फोन आला: भात्याची पुली जरा लहान घेतली तर तो अधिक वेगाने फिरेल, १९० अश्वशक्ती सहज मिळेल, म्हणतात. मी म्हटले, "इंजेक्टर किती वेळ उघडे राहतील ते काढ, मग बोलू." दोन दिवसांनी आकडा आला: शंभरातील पंचाण्णव. पुली अद्याप घेतलेली नाही.