रद्दीतले कॉमिक्स आणि लिलावाची बोली

विंचूर-लासलगावच्या परिसरात लिलाव म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टरमधला कांदा पाहून व्यापारी बोली लावतात आणि शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. जुनी कॉमिक्स आणि चित्रकारांची मूळ चित्रे यांचा लिलावही याच रीतीने होतो. मात्र हा माल क्विंटलने नव्हे, नगाने विकतो. आणि पुष्कळदा तो रद्दीच्या गोणीतच पडून असतो. रद्दी, बाइंडिंग, छपाई, बोर्ड रंगवणे या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून या बाजाराची माहिती त्यांना असलेली बरी.

कोणता माल पाहावा?

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे होती. वेताळ आणि मॅन्ड्रेकच्या गोष्टी मराठीतही निघत. १९९० मध्ये हे प्रकाशन बंद पडले. नवा माल येत नाही, जुना फाटून संपतो, म्हणून सुरुवातीच्या अंकांना संग्राहक शोधत फिरतात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेचे तसे नाही. तिच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा निघाल्या आहेत. तेथे पहिल्या छपाईलाच मोल असते; पुठ्ठ्यावरची छापील किंमत आणि क्रमांक पाहून छपाई ओळखावी. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांनी हाताने काढलेले मूळ पान मिळाले, तर तो माल एकमेव ठरतो.

परदेशात या व्यापाराने केवढी मजल मारली पाहा. १९३८ साली १० सेंटला विकला गेलेला, सुपरमॅनची पहिली कथा असलेला अंक २०२४ मध्ये अमेरिकेत ६० लाख डॉलरला गेला. टिनटिनच्या पुस्तकासाठी १९३६ मध्ये काढलेले एक चित्र, घडीच्या खुणा असूनही, २०२१ मध्ये पॅरिसला सुमारे ३२ लाख युरोला विकले गेले. पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन यांच्या 'ग्राम यात्रा' या चित्राला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर आले. पण हे आकडे पाहून घरातल्या प्रत्येक जुन्या अंकाला सोने समजू नये. दुर्मीळपणा, मागणी आणि मालाची स्थिती या तिन्ही गोष्टी जमल्या तरच भाव येतो.

हिशेब आधी मांडा

लिलावगृह दोन्ही बाजूंनी आडत घेते. समजा, बोली १०,००० रुपयांवर तुटली. खरेदीदाराकडून २० टक्के जादा घेण्याचा नियम असेल, तर त्याला १२,००० मोजावे लागतात. विकणाऱ्याची १० टक्के आडत कापली, तर त्याच्या हाती ९,००० पडतात. कर, पॅकिंग, वाहतूक वेगळी. म्हणजे आज घेऊन उद्या त्याच बोलीला विकणारा ३,००० रुपयांना बुडतो. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. सही करण्यापूर्वी ते लेखी घ्यावेत. त्याखाली विकू नये अशी राखीव किंमतही आधीच ठरवावी. किरकोळ माल लिलावात न घालता थेट संग्राहकाला विकणे परवडते.

मालाची निगा

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कडा कापू नयेत, लॅमिनेशन करू नये. बाइंडिंग केलेला अंकही भाव गमावतो. गंजलेली पिन, ओल आणि ऊन हे कागदाचे शत्रू. पावसाळ्यात अंक जमिनीवर न ठेवता कोरड्या पेटीत सपाट ठेवावेत.

कायदा आणि सचोटी

मूळ चित्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट वेगळा राहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ प्रमाणे मूळ चित्राची फेरविक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. कारागिरांच्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांवरील चित्र परदेशी पाठवण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

भाव चढवण्यासाठी आपलाच माणूस बोलीला उभा करणे ही फसवणूक आहे. हदीसमध्ये 'नजश' म्हणून तिची मनाई आहे. मालातला दोष सांगूनच विकावे. आणि एखादी विधवा पतीची चित्रे किलोच्या भावाने द्यायला निघाली, तर काट्यावर घालण्याआधी तिला सांगावे, 'आपा, हा माल रद्दीचा नाही.' हवे तर तिच्याशी कमिशन ठरवून तो विकून द्यावा. त्यात दोघांचाही फायदा आहे, आणि पुढचे गिऱ्हाईकही त्याच दुकानात येते.