भंगारातील अदृश्य धोका

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मोड देऊन नवे भांडे घेण्याची रीत अड्याळच्या परिसरातही परिचित आहे. तथापि मोडीत येणारी प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही.

कोबाल्ट-६० सारखे किरणोत्सारी पदार्थ आज अनेक लोकोपयोगी कामी येतात. कर्करोगावरील उपचारांत त्यांचा वापर होतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याच्यावर याच पदार्थाचे किरण सोडतात. त्यायोगे कांदा मात्र किरणोत्सारी होत नाही. असे पदार्थ शिशाच्या जाड कवचात बंद ठेवावे लागतात. त्यांच्या वापरावर देखरेख करण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय मुंबईस आहे. मंडळाच्या परवानगीवाचून असा पदार्थ बाळगता, विकता वा टाकून देता येत नाही.

या नियमाचा भंग झाल्यास काय घडते, हे २०१० साली दिल्लीतील मायापुरी येथे दिसून आले. सुमारे पंचवीस वर्षे वापरात नसलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगारवाल्यांनी ते फोडताच आतील कोबाल्ट उघडा पडला. त्यात एकाचा मृत्यू ओढवला व इतर कित्येक जण गंभीर आजारी झाले. कोबाल्ट-६० ची तीव्रता अर्धी होण्यास सव्वापाच वर्षे लागतात. म्हणून जुने यंत्र निर्धोक झाले असे समजू नये.

किरणांना रंग नाही, वास नाही. अंगावर पडताना ते जाणवतही नाहीत. यास्तव खूण ओळखणे हाच उपाय होय. पिवळ्या पाटीवर मध्ये एक गोल ठिपका व त्याभोवती तीन पाती, अशी ही खूण असते. ती असलेली किंवा आकारमानाच्या मानाने अतिशय जड अशी अनोळखी धातूची पेटी आढळल्यास पुढील दक्षता घ्यावी :

१. पेटी उचलू, फोडू किंवा वितळवू नये.
२. त्वरित दूर जावे. अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाईवर येतो.
३. मुले व जनावरे यांना तिकडे फिरकू देऊ नये.
४. ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यास कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही खूण ग्रामपंचायतीच्या फलकावर रेखाटावी व भंगार घेणाऱ्यांस आवर्जून दाखवावी. नियम मुंबईस होतात. परंतु टाकून दिलेली पेटी प्रथम गावकऱ्याच्याच हाती पडते.