तापीच्या पात्रातील लहान जीव व बदलता प्रवाह

बऱ्हाणपूर शहराचा राजपुरा भाग असो, की त्याखालचा जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका असो, तापीकाठच्या रहिवाशांस नदीची दोन रूपे परिचित आहेत. श्रावणात ती दुथडी भरून वाहते, तर वैशाखात डोहांपुरती उरते. मुलताईपासून खंबायतच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीतील अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, जीव या दोन्ही रूपांशी जुळवून घेत आले आहेत.

वाहत्या पाण्यातील दगड उलटून पाहिल्यास चपट्या अंगाची, शेपटीस दोन-तीन दोरे असलेली कीटकांची पिल्ले आढळतात. चपटेपणामुळे पाण्याचा जोर त्यांना कमी लागतो. काही अळ्या तोंडातून काढलेल्या रेशमाने दगडांच्या फटीत जाळे विणतात व वाहत येणारे अन्नकण त्यात धरतात. प्रवाह थांबला की जाळे निरुपयोगी ठरते. खेकडा ओलाव्याच्या शोधात काठात खोल बीळ करतो. डबक्यातील मोठी गोगलगाय तर कल्ला आणि फुप्फुस दोन्ही बाळगते. पाणी आटताच कवचाचे झाकण मिटून ती चिखलात निपचित पडून राहते. शिंपल्याची कथा निराळीच! त्याची सूक्ष्म पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांस चिकटून वाढतात. सबब मासा गेला की शिंपलाही जातो.

हे गुण एका उन्हाळ्यात आलेले नाहीत. पूर नेहमीचाच आहे. त्यात वाहून गेलेल्यांची जागा वरच्या अंगाचे जीव आणि पंख फुटून उडालेले कीटक पुन्हा भरून काढतात. मात्र त्यासाठी दोन पुरांमध्ये अवधी लागतो. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उष्णतेचा प्रश्न वेगळाच. २० अंश सेल्सियस तापमानास लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांस साडेसातच. आटत्या डोहात हा फरक जीवावर बेततो. शिवाय हतनूरसारख्या धरणामागे पाणी संथ होते, तेथे जाळे विणणाऱ्या अळीस स्थान उरत नाही.

पूर व दुष्काळ या दोन्ही संकटांत अनेक जीव वाळू-गोट्यांखालच्या ओलसर थरात उतरतात. तोच त्यांचा आसरा होय. वाळू खडकापर्यंत उपसली गेल्यास अंगचे कोणतेही कौशल्य कामी येत नाही. त्यामुळे वाळूघाट ठरविताना वाळू किती ब्रास निघेल एवढेच पाहून भागणार नाही. तळाशी किती थर राहील आणि उन्हाळी डोह शाबूत राहतील काय, हेही तपासणे अगत्याचे आहे.

शिक्षकांना कार्तिकात व फाल्गुनात, पाणी घोट्याइतके असेल अशाच जागी, मुलांकडून दहा दगडांखालील जीवांचे प्रकार मोजून घेता येतील. नोंदवहीत तारीख, पाण्याचे तापमान आणि प्रवाह वाहता होता की थांबलेला, हे लिहावे. पाहून झाल्यावर प्रत्येक दगड पूर्वीच्याच बाजूने खाली ठेवावा, कारण अंडी बहुधा त्याच्या खालच्या अंगास असतात.