स्प्रिंग आणि ठोकळा: आधी संवेग, मग ऊर्जा



गुळगुळीत टेबलावर १.९९ किलोचा ठोकळा, मागे भिंतीला जोडलेली स्प्रिंग (स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर). १० ग्रॅमची गोळी २०० मीटर प्रति सेकंद वेगाने येऊन ठोकळ्यात रुतते. स्प्रिंग किती दबेल?

पहिला टप्पा, टक्कर: ती क्षणार्धात संपते. स्प्रिंग अजून दबलेलीच नाही, म्हणून तिचं बल नगण्य. इथे संवेग अक्षय्य: ०.०१ × २०० = २ × वेग. वेग आला १ मीटर प्रति सेकंद.

दुसरा टप्पा, दाब: आता स्प्रिंग बल लावते, त्यामुळे संवेग बदलतो. पण घर्षण नाही, म्हणून यांत्रिक ऊर्जा अक्षय्य. १ ज्यूल गतिज ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठते: ½ × २०० × (दाब)² = १. दाब १० सेंमी.

गोळीची ऊर्जा मात्र २०० ज्यूल होती! उरलेले १९९ ज्यूल टकरीतच, मुख्यतः उष्णता आणि ठोकळ्याच्या मोडतोडीत गेले. थेट ऊर्जेचं समीकरण मांडलं, तर उत्तर १४१ सेंमी येतं, म्हणजे चौदापट चूक.

बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये गोळीचा वेग मोजण्याची लंबकाची पद्धत मांडली, तिच्यामागेही हेच दोन टप्पे आहेत.

म्हणून सूत्राआधी विचारा: या टप्प्यात नेमकं काय टिकतं?